तुम्ही विचारलंत म्हणून: लॅक्स्टनला बघायला काय आहे?

इंग्लंड बघायला आलेले पाहुणे नॉटिंगहॅमला आमच्याकडे उतरले की दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी हमखास विचारतात, "इथलं एखादं खरं खेडं दाखव ना! आणि तिथे असतं काय बघायला?" त्यांच्या मनात कॅलेंडरवरचं गाव असतं, म्हणजे दगडी घरं, दारावर गुलाब आणि कोपऱ्यावर चहाचं दुकान. मी त्यांना नॉटिंगहॅमशरमधल्या लॅक्स्टन नावाच्या खेड्यात नेते. मग अर्धे जण माझ्यावर नाराज होतात.

त्यात त्यांची चूक नाही. वाकडातिकडा रस्ता, लाल विटांची घरं, सेंट मायकेलचं चर्च, डव्हकोट इन नावाचा पब, त्याच्या मागे माहितीची छोटी खोली, मोकाट जनावरांसाठीचा जुना कोंडवाडा आणि गावाच्या टोकाला नॉर्मन काळातल्या गढीची हिरवी टेकडी. सोयी म्हणाल तर एवढ्याच. खरेदी करायची असेल तर ऑलर्टन किंवा टक्सफर्ड गाठलेलं बरं.

पण शेतीतला माणूस बरोबर असला की मजा येते. बार्शीकडचे आमचे एक मामा गाडीतून उतरले आणि पाहतच राहिले. "अगं, बांध कुठेत?"

बांध नाहीत, कुंपणंही नाहीत. वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड अशी तीन प्रचंड शेतं आहेत आणि त्यांत प्रत्येक शेतकऱ्याचे लांबट पट्टे विखुरलेले आहेत. म्हणजे चांगली जमीन एकाला आणि खडकाळ दुसऱ्याला असं व्हायला नको. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक आणि तिसरं पड किंवा गवताला. दरवर्षी पाळी बदलते. मार्क पियर्स नावाच्या मोजणीदाराने 1635 साली या गावाचा नकाशा केला, तो आजही ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यातले बारीक बारीक पट्टे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकत्र करून मोठे केले, पण पद्धत तीच राहिली. जमीन सगळीकडे विखुरलेली, म्हणून शेतकऱ्यांची घरं गावातच, रस्त्याला लागून. एरवी इंग्लंडात शेतकरी आपल्या रानात एकटाच राहतो.

पूर्वी इंग्लंडच्या बऱ्याच भागात अशीच शेती होती. 1604 ते 1914 या काळात पार्लमेंटने पाच हजारांहून जास्त कायदे करून मोकळ्या आणि सामायिक जमिनींना कुंपणं घातली. त्यात गरिबाची चराई गेली, सरपण गेलं. लॅक्स्टनचाही बराच भाग कुंपणात गेला. बाकीचा का वाचला? परंपरेच्या प्रेमापोटी नाही. गावात दोन बडे जमीनदार होते आणि त्यांचं आपसात जमेना. मामांना हे कारण फार पटलं.

पुढे 1952 साली सरकारच्या शेती खात्याने गाव विकत घेतलं, 1981 मध्ये ते क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजमुकुटाच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेलं आणि 2020 मध्ये शेजारच्या थोर्सबी इस्टेटने घेतलं. ही इस्टेट 1952 आधीच्या मालकांचीच.

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती नोव्हेंबर अखेरची पाहणी. नव्याने गहू पेरलेल्या शेतात गावातल्याच शेतकऱ्यांची ज्युरी, म्हणजे पंचमंडळ, उतरते. बूट घोट्यापर्यंत चिखलात. एक जण पट्ट्याच्या टोकाला उभा राहून डोळा बारीक करून रेघ धरतो, दुसरा त्याच्या इशाऱ्यावर सरकतो आणि मग लाकडी खुंटी ठोकली जाते. कुणी वाटेत नांगर घातलाय का, शेजाऱ्याच्या पट्ट्यात शिरलाय का, मधल्या गवताच्या पट्ट्या कोरल्यात का, हे सगळं बघायचं. आपल्याकडे बांध कोरण्यावरून तीन तीन पिढ्या कोर्टात जातात. इथे दुपारी पबमध्ये जेवण असतं.

पुढच्या आठवड्यात त्याच पबमध्ये कोर्ट लीट भरतं. हे मध्ययुगीन जमीनदारी न्यायालय. 1977 च्या कायद्याने अशा बहुतेक न्यायालयांचे अधिकार काढून घेतले, लॅक्स्टनचं मात्र शाबूत ठेवलं. तिथे दंड होतात, पुढच्या वर्षीची ज्युरी नेमली जाते. दंडाची रक्कम किरकोळच. माझ्या मते खरी शिक्षा म्हणजे सगळ्या शेजाऱ्यांदेखत आपलं नाव वाचलं जाणं.

मामांनी विचारलं, "मोजणीला बाहेरून कुणीच येत नाही? शेजारीच पंच? मग पंचानेच कोरलं तर?" मी म्हटलं, पुढच्या वर्षी दुसऱ्या शेताला दुसरी ज्युरी. त्यावर ते जरा वेळ गप्प बसले आणि मग आपल्या 1947 च्या तुकडेबंदी कायद्याला शिव्या देऊ लागले, ते थेट घरी पोचेपर्यंत.

तर यायचं असेल तर जूनमध्ये या, गवताच्या पट्ट्यांत रानफुलं असतात. नोव्हेंबरात येणार असाल तर गमबूट आणा, माझ्याकडे जास्तीचा जोड नाही.