मोठ्या मॉडेल इंजिनाचा स्टार्टर: निवड मोटरची आणि तिच्यामागच्या विजेची

कापसाची शेवटची वेचणी होऊन पऱ्हाट्या उपटल्या की जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यातली शेते मोकळी होतात आणि मॉडेल विमाने उडवणाऱ्यांचा हंगाम सुरू होतो. या दिवसांत मला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न म्हणजे मोठ्या इंजिनासाठी कोणता स्टार्टर, म्हणजे पंखा फिरवून इंजिन सुरू करून देणारी हातातली विजेची मोटर, घ्यावा. विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा एक स्टार्टर आधीच असतो, तो कॉम्प्रेशनवर, म्हणजे पिस्टन सिलिंडरमधली हवा दाबतो त्या टप्प्यावर, येऊन अडतो, आणि म्हणून त्याला दुसरा, अधिक महाग स्टार्टर हवा असतो. माझे मत असे आहे की अशा दहांतल्या बऱ्याच प्रसंगी मोटर निर्दोष असते. तिच्यापर्यंत पुरेशी वीज पोहोचत नाही, हे खरे दुखणे असते, आणि ते नवा स्टार्टर आणून बरे होत नाही.

तरीही सुरुवात इंजिनापासूनच करावी लागते. साडेसहा किंवा दहा सीसीच्या ग्लो इंजिनाला, म्हणजे ठिणगीऐवजी तापलेल्या तारेच्या प्लगवर पेटणाऱ्या इंजिनाला, बाजारातला कोणताही साधा १२ व्होल्टचा हातातला स्टार्टर पुरतो. खरी परीक्षा वीस ते तीस सीसीच्या फोर-स्ट्रोक ग्लो इंजिनापासून सुरू होते, कारण तिथे कॉम्प्रेशन तगडे असते आणि पंखाही जड असतो. पेट्रोल इंजिने तर याहूनही मोठी असू शकतात. पंचावन्न सीसीच्या इंजिनावर बावीस ते तेवीस इंचांचा पंखा बसतो. मात्र एक गोष्ट पेट्रोलवाल्यांच्या बाजूची आहे. त्यांच्या इंजिनाला इलेक्ट्रॉनिक इग्निशन असते आणि ठिणगी चांगली पडत असेल, तर हाताने दिलेल्या एका जोरकस झटक्यानेही इंजिन पेटते. म्हणजे अशा इंजिनाला स्टार्टरकडून वेग फारसा लागत नाही, पिस्टन कॉम्प्रेशनच्या पलीकडे नेणारा पीळ (टॉर्क) लागतो. स्टार्टर निवडताना नुसता मोटरचा वेग पाहणारे लोक नेमके हेच विसरतात.

म्हणून मोठ्या इंजिनासाठी मी गिअर असलेल्या स्टार्टरला नेहमी पहिली पसंती देतो. मोटर आणि कोन (पंख्याच्या मध्यावरच्या टोकदार टोपीवर, म्हणजे स्पिनरवर, टेकवायचा स्टार्टरचा खोलगट शंकू) यांच्यामध्ये तीनास एक असा गिअर असेल, तर कोनावरचा वेग एक तृतीयांश होतो आणि पीळ, घर्षणात जाणारा थोडा भाग वगळता, तिप्पट होतो. शिवाय त्याच कामासाठी मोटर कमी करंट ओढते, त्यामुळे बॅटरी, तार आणि बटण या तिघांवरचाही ताण हलका होतो. गिअरवाला स्टार्टर वजनाला थोडा अधिक असतो आणि कर्कश आवाज करतो. हे दोन्ही मला मान्य आहे.

गिअर नसलेल्या १२ व्होल्टच्या स्टार्टरला दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट देण्याचा मार्ग अनेकजण धरतात आणि तो चालतोही, परंतु त्याची किंमत समजून घेतली पाहिजे. व्होल्टेज दुप्पट केले की अडकलेल्या मोटरमधून जाणारा करंट दुप्पट होतो आणि वेटोळ्यांत निर्माण होणारी उष्णता चौपट होते. ब्रशवर ठिणग्या वाढतात, आणि करंट मर्यादेपलीकडे गेला तर आतल्या फेराइट चुंबकांची शक्ती कायमची उतरू शकते. त्यामुळे ज्या स्टार्टरवर उत्पादकाने १२ ते २४ व्होल्ट असे स्पष्ट छापलेले आहे, त्यालाच अधिक व्होल्टेज द्यावे. इतरांच्या बाबतीत १२ वरून फार तर चार सेलच्या लिथियम पॉलिमर पॅकपर्यंत, म्हणजे नाममात्र १४.८ व्होल्टपर्यंत जावे, आणि तेही दोन-तीन सेकंदांच्या झटक्यांनी, मध्ये मोटर निवू देत.

बॅटरीविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण गोंधळ सर्वांत जास्त इथेच आहे. बॅटरीवर लिहिलेले अँपिअर-तास तिच्यातला साठा सांगतात. ती एका दमात किती करंट देऊ शकेल हे त्यावरून कळत नाही, आणि स्टार्टरला तर काही क्षणांसाठी साठ, ऐंशी, कधी शंभर अँपिअर लागतात. यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची सीलबंद लेड-अॅसिड बॅटरी एवढा करंट काही सेकंद देते, परंतु देताना तिचे स्वतःचे व्होल्टेज साडेदहाच्या आसपास कोसळते, आणि बॅटरी जुनी असेल तर त्याहूनही खाली जाते. तीस सीसीच्या पुढे मी ती वापरत नाही. तीन सेलचा लिथियम पॉलिमर पॅक नाममात्र ११.१ व्होल्टचा असला, तरी चांगल्या दर्जाचा, पाच हजार मिलिअँपिअर-तासांचा पॅक भाराखाली लेड-अॅसिडपेक्षा कमी व्होल्टेज गमावतो, म्हणून कागदावर कमी दिसूनही तो प्रत्यक्षात अधिक जोर देतो. माझी स्वतःची पसंती मात्र लिथियम आयर्न फॉस्फेटच्या चार सेलच्या पॅकला आहे. त्याचे नाममात्र व्होल्टेज १२.८, म्हणजे १२ व्होल्टच्या स्टार्टरला अगदी साजेसे असते, आणि उष्णता सोसण्यात हे रसायन लिथियम पॉलिमरपेक्षा कितीतरी स्थिर आहे. ज्या भागात एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, तिथे हा मुद्दा दुय्यम राहत नाही.

आपल्याकडे घरोघरी असणाऱ्या फवारणी पंपाची बॅटरी काढून स्टार्टरला लावण्याचा मोह साहजिक आहे, कारण ती १२ व्होल्टचीच असते आणि शेतावर हाताशीही असते. आठ किंवा बारा अँपिअर-तासांची लेड-अॅसिड असेल, तर लहान इंजिनापुरते काम भागते. परंतु हल्ली अनेक पंपांत लिथियम बॅटरी येते आणि तिच्यात संरक्षणासाठी बसवलेले बीएमएस सर्किट थोड्याच अँपिअरला प्रवाह तोडते. स्टार्टर एकदा हुंकारतो आणि बंद पडतो, मीटर लावून पाहावे तर बॅटरी पूर्ण भरलेली, मग बिचाऱ्या स्टार्टरवर ठपका येतो. लिथियम आयर्न फॉस्फेटचा तयार पॅक विकत घेतानाही त्याचे बीएमएस सलग आणि क्षणिक किती करंट देते, हे आधी विचारावे आणि उत्तर मिळाले नाही तर तो पॅक घेऊ नये.

आता तार. माझ्या ओळखीचे एक जुने ऑटो इलेक्ट्रिशियन भुसावळात आहेत, त्यांना सगळे नाना म्हणतात. त्यांच्यासमोर एका मित्राचा कुरकुरणारा स्टार्टर ठेवला, तेव्हा त्यांनी मोटरीला हातही लावला नाही. वायर दोन बोटांत धरून चेपली आणि म्हणाले, "भो, ही तर टेपरेकॉर्डरची वायर आहे. आधी हिला बदल, मोटरीचं मग बघू." मग त्यांनी मित्राला बटण दाबायला लावून मल्टीमीटरची टोके प्रथम बॅटरीच्या खांबांवर आणि नंतर स्टार्टरच्या टोकांवर धरली. भाराखाली बॅटरीवर १०.६ व्होल्ट होते आणि स्टार्टरवर फक्त ८.१. मधले अडीच व्होल्ट वायर, चिमटे आणि बटण यांनी खाल्ले होते. अडकलेल्या मोटरचा पीळ व्होल्टेजच्या प्रमाणात असतो, म्हणजे ढोबळमानाने जवळजवळ चतुर्थांश जोर वाटेतच उष्णता होऊन उडून जात होता.

हे गणित कोणालाही घरी करता येते. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण साडेसतरा मिलिओहम असतो. एक मीटर लांबीच्या जोडतारेत करंटला जाऊन-येऊन दोन मीटर प्रवास करावा लागतो, म्हणून ऐंशी अँपिअरला अशा तारेत २.८ व्होल्ट खर्ची पडतात. तीच तार अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर तूट १.१ व्होल्टवर येते आणि सहा चौरस मिलिमीटरची घेतली तर अर्ध्या व्होल्टच्याही खाली जाते. म्हणून तार सहा चौरस मिलिमीटरची, बारीक केसांची आणि शक्यतो सिलिकॉन आवरणाची घ्यावी, आणि जेवढी गरज तेवढीच लांब ठेवावी. स्वस्त जम्पर केबलपासून सावध राहावे, कारण त्यांच्यातल्या पुष्कळशा तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमच्या असतात आणि त्यांचा रोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. चिमट्यांऐवजी तारेच्या टोकाला थिंबल (धातूची कडी) दाबून बसवून नट-बोल्टने आवळावी किंवा एक्सटी-९० सारखा भक्कम कनेक्टर वापरावा. नानांनी तेच केले. मोटर जुनीच राहिली आणि त्याच संध्याकाळी तिने तीस सीसीचे इंजिन विनातक्रार फिरवले.

बटणाकडेही असेच पाहावे. स्टार्टरच्या मुठीतले छोटे पुश-बटण एवढा करंट वारंवार तोडण्यासाठी बनवलेले नसते. त्याचे संपर्क जळतात, कधी एकमेकांना चिकटतात, आणि बटण सोडले तरी स्टार्टर फिरतच राहतो. फिरत्या पंख्यासमोर ही स्थिती भयंकर आहे. मोटरसायकलचा स्टार्टर रिले कोणत्याही ऑटो स्पेअरच्या दुकानात माफक किमतीत मिळतो. बटणाने फक्त रिलेची कॉइल चालवावी आणि मोटरचा करंट रिलेतून न्यावा. २४ व्होल्टची मांडणी असेल तर कॉइलही २४ व्होल्टचीच हवी, अन्यथा ती तापून जळते. बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज बसवणे आवश्यक आहे, कारण खाली पडलेला एखादा पाना लिथियम पॅकचे शॉर्टसर्किट करायला पुरेसा असतो.

एवढे सगळे झाल्यावरही कोन घसरला तर जोर वाया जातो. सिलिकॉनच्या कोनावर एरंडेल असलेल्या इंधनाचा थर आणि काळ्या मातीची धूळ बसली की तो गुळगुळीत होतो, म्हणून उड्डाणाच्या दिवशी तो स्पिरिटने पुसून घ्यावा. मोठ्या इंजिनावर अॅल्युमिनियमचा स्पिनर असावा. प्लास्टिकचा स्पिनर दाबाखाली तडकतो आणि त्याचे तुकडे लांब उडतात.

इंजिन उलटे बसवलेले असेल तर ग्लो प्लगच्या बाजूला इंधन साचते. द्रव दाबला जात नाही. अशा भरलेल्या सिलिंडरवर ताकदवान स्टार्टर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकते, आणि आपण जोर वाढवण्यासाठी जितकी मेहनत घेतली तितका हा धोका वाढतो. यासाठी स्टार्टर टेकवण्यापूर्वी ग्लो किंवा इग्निशन बंद ठेवून पंखा हाताने दोनदा पूर्ण फिरवावा. कुठे कडक थांबा लागला तर प्लग काढून इंधन बाहेर जाऊ द्यावे. सर्व मोकळे असल्याची खात्री झाली की पंखा उलट दिशेने मागे न्यावा आणि कॉम्प्रेशन लागताच थांबावे. असे केल्याने स्टार्टरला पुढच्या कॉम्प्रेशनपर्यंत धावायला जागा मिळते, आणि मोटर वेग घेऊन त्यावर आदळते. स्थिर उभ्या मोटरपेक्षा धावत आलेली मोटर कमी करंटमध्ये ते ओलांडते. कोन आधी स्पिनरवर सरळ, क्रँकशाफ्टच्या रेषेत टेकवावा आणि मगच बटण दाबावे. समोरून पाहिले असता नेहमीचे इंजिन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. तारा उलट जोडल्या गेल्या तर स्टार्टरही उलटा फिरतो, म्हणून कनेक्टर असा घ्यावा की तो उलटा बसूच शकणार नाही. विमान मागून धरायला माणूस हवाच, शिवाय शेपटीला दोर बांधून खुंटी ठोकलेली असावी, आणि इंजिन सुरू झाल्यावर पंख्याच्या बाजूने न जाता वळसा घालून मागे यावे.

उन्हाळ्यात बॅटरी बंद गाडीत कधीही ठेवू नये. पेटी निंबाच्या सावलीत, जमिनीपासून जरा उंचावर ठेवावी, कारण दुपारी काळी जमीन हवेपेक्षा जास्त तापलेली असते. लेड-अॅसिड बॅटरीचे तापमान पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. मृगाचा पाऊस पडून शेते पुन्हा पेरली जातात तेव्हा आमची विमाने भिंतीला टांगली जातात. त्या वेळी लिथियम पॉलिमर पॅक प्रत्येक सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवावा, लेड-अॅसिड मात्र पूर्ण भरून ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरावी. लिथियम आयर्न फॉस्फेटचा चार सेलचा पॅक १४.६ व्होल्टवर थांबणाऱ्या, त्याच रसायनासाठी बनवलेल्या चार्जरनेच भरावा.