तुम्ही विचारलंत म्हणून: मेस्सी नाही, रोनाल्डो नाही, काउकोच का?

फुटबॉलचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला हा प्रश्न येतोच, फेव्हरिट प्लेयर कोण? मी जोनी काउको म्हणतो. मग समोरचा दोन सेकंद गप्प बसतो आणि विचारतो, कोण हो हा, ब्राझीलचा का? नाही हो, फिनलंडचा. आणि मग दुसरा प्रश्न, जो मला खरं तर जास्त विचारला जातो, "अहो, पण तोच का?" लग्नात, ऑफिसात, कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या बाहेर चहाच्या गाड्यावर, सगळीकडे तेच तेच सांगून झालंय, म्हणून आता एकदाच नीट लिहून टाकतो, पुढच्या वेळी लिंक पाठवायला बरं.

आधी माणूस कोण ते. जन्म 1990 चा, गाव तुर्कू, फिनलंडच्या नैऋत्य किनाऱ्यावरचं जुनं शहर. तिथला क्लब इंटर तुर्कू. 2008 मध्ये अठरा वर्षांचा हा पोरगा सीनियर टीममध्ये आला आणि त्याच वर्षी इंटर तुर्कूने पहिल्यांदा फिनलंडची लीग जिंकली. म्हणजे सुरुवात एकदम झकास. तिथली लीग उन्हाळ्यात चालते, एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, कारण बाकीच्या महिन्यांत मैदानावर बर्फ. नंतर लाहतीचा क्लब, मग जर्मनीत दुसऱ्या डिव्हिजनला एफएसव्ही फ्रँकफर्ट, मग डेन्मार्कमध्ये रांडर्स आणि एस्बियर्ग. फ्रँकफर्ट म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यासमोर आइनट्राख्ट येतो, हा तो नव्हे, हा त्याच शहरातला छोटा क्लब. एकूण करिअर असंच, मोठ्या घराच्या शेजारच्या घरातलं.

एस्बियर्गमध्ये पहिल्याच सीझनला, 2018-19 ला, टीम डॅनिश सुपरलीगमध्ये तिसरी आली आणि पुढच्याच वर्षी तीच टीम खाली घसरून दुसऱ्या डिव्हिजनला गेली. आता बघा, 2021 च्या जूनमध्ये फिनलंड आयुष्यात पहिल्यांदा मोठी टुर्नामेंट खेळायला गेलं, युरो कप, कोच मार्कु कानेर्वा, जे आधी शाळामास्तर होते (हे मला फार आवडतं, आपल्याकडच्या पीटीच्या सरांची आठवण येते), आणि त्या स्क्वाडमध्ये डेन्मार्कच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळणारा काउको. पहिली मॅच कोपनहेगनला, डेन्मार्कशीच. ती मॅच तुम्हालाही आठवत असेल, डेन्मार्कचा एरिक्सन मैदानावर कोसळला होता ती. खेळ थांबला, पुन्हा सुरू झाला, पोह्यानपालोने हेडर मारला, राडेत्स्कीने पेनल्टी अडवली, फिनलंड 1-0. मोठ्या टुर्नामेंटमधला त्यांचा पहिला विजय, आणि कुणाला नाचावंसं वाटत नव्हतं. मी तेव्हा घरात लॉकडाऊनमध्ये बसून ते बघत होतो, काउको वगैरे नाव माझ्या गावीही नव्हतं.

महिनाभरात बातमी आली की कोलकात्याच्या एटीके मोहन बागानने फिनलंडचा युरो खेळलेला मिडफिल्डर घेतलाय. युरोतून थेट आयएसएल, म्हणजे आपली इंडियन सुपर लीग. मित्रांच्या ग्रुपवर नेहमीचं सुरू झालं, रिटायरमेंटला आलाय, पैशासाठी आलाय. एकतिसाव्या वर्षी माणूस पैशासाठी येणार नाहीतर काय हवापाण्यासाठी? तेही गोव्यात, आणि गोवा बघायलाही नाही! कारण तो सीझन पूर्ण गोव्यात झाला, कोविडमुळे, बायो-बबलमध्ये, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान अशी तीन ग्राउंड्स, प्रेक्षक नाहीत, हॉटेल ते मैदान आणि मैदान ते हॉटेल. समुद्र बसच्या काचेतून. माझा एक आतेभाऊ मडगावला असतो, तो म्हणायचा, अरे मॅच माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे आणि मी पण टीव्हीवरच बघतोय.

रिकाम्या स्टेडियमचा एक फायदा मात्र झाला, मैदानावरचे आवाज ऐकू यायचे, कोण कुणाला ओरडतंय ते. आणि त्यामुळे असेल, माझी नजर बॉलवरून हटली. काउको बॉल येण्याआधी काय करतो ते बघा. उजव्या खांद्यावरून एकदा मागे, डाव्या खांद्यावरून एकदा, मग बॉल येतो, तोपर्यंत पास कुठे द्यायचा ते ठरलेलं असतं. एक टच, फार तर दोन. ड्रिबल नाही, कात्री नाही, काही नाही. सहा फुटांच्या वरचा उंच गडी, पण धावताना दिसतच नाही, कारण धावायची वेळ येण्याआधीच तिथे उभा असतो. आमच्याकडे पेठांच्या मॅचमध्ये असा खेळाडू असला तर पब्लिक म्हणतं, "ए, पळ की जरा!" आणि त्याला बाहेर काढलं की दहा मिनिटांत मिडफिल्ड उसवतं, मग तेच पब्लिक कोचला शिव्या घालतं.

गोलही केले त्याने. फेब्रुवारी 2022, केरला ब्लास्टर्सशी मॅच, केरलाच्या लुनाने दोन ठोकले, मोहन बागान 2-1 ने मागे, नव्वद मिनिटं संपलेली, आणि 97 व्या मिनिटाला काउको. 2-2. मी इतक्या जोरात ओरडलो की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी फोन केला, काय झालं रे म्हणून. तरी सेमीफायनलला हैदराबादने बाहेर काढलंच, दोन मॅच मिळून 3-2. त्या हैदराबादच्या स्क्वाडमध्ये आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, त्यामुळे ग्रुपवर मलाच गद्दार ठरवण्यात आलं. मग एप्रिलमध्ये कोलकात्यात एएफसी कपची, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेची मॅच, आता बबल नाही, श्रीलंकेच्या ब्लू स्टारला 5-0, त्यात याचे दोन. पुढच्या सीझनला कोचीत केरलाला 5-2, त्यातही एक. एकदम फॉर्मात.

आणि 2022 च्या नोव्हेंबरमध्ये गुडघा गेला. एसीएल, गुडघ्याच्या आतला लिगामेंट. सीझन संपला.

आता इथे माझं थोडं येतं, सॉरी. त्याच हिवाळ्यात माझाही उजवा गुडघा गेला, रविवारच्या आमच्या चाळिशीच्या पुढच्या लोकांच्या मॅचमध्ये, कुणी धक्का दिला नाही, काही नाही, नुसता वळलो आणि आतून 'टक्' आवाज आला. ऑपरेशन झालं. फिजिओच्या ताईंनी पहिला व्यायाम दिला तो असा, टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची आणि गुडघ्याने टॉवेल खाली दाबायचा, दहा आकडे, सोडायचा, परत. इतकंच. मांडीचा स्नायू ऐकतच नाही हो, मेंदू सांगतोय दाब, पाय म्हणतोय कोण तुम्ही. 18 मार्च 2023 ला फातोर्डाला आयएसएलची फायनल, मोहन बागान विरुद्ध बेंगळुरू, 2-2, मग पेनल्टीवर मोहन बागान जिंकलं, आणि मी जमिनीवर बसून टॉवेल दाबतोय, आकडे मोजतोय, स्क्रीनवर सगळे उड्या मारतायत आणि त्यांच्यात काउको खेळलेला नाही. मला मेस्सीच्या वर्ल्ड कपपेक्षा त्या दिवशी या माणसाबद्दल जास्त वाटलं. खोटं का बोलू.

पुढची गोष्ट लोकांना माहीत नसते. आयएसएलमध्ये परदेशी खेळाडू सहाच रजिस्टर करता येतात, मैदानावर एका वेळी चार. म्हणजे परदेशी खेळाडू ही एक सीट असते, रिझर्व्हेशनच्या डब्यातल्यासारखी. तुम्ही दुखापतीने उठलात की सीट दुसऱ्याला. 2023-24 ला क्लबने कमिंग्स आणला, सादिकू आणला, सहाच्या सहा सीट भरल्या. काउको बरा होत होता, पण लिस्टमध्ये नाव नाही. तेहतीस वर्षांचा माणूस, आधी गुडघ्याची वाट बघायची आणि गुडघा तयार झाला की कुणाची तरी जागा रिकामी व्हायची वाट बघायची.

डिसेंबर 2023 मध्ये टीम लागोपाठ तीन मॅच हरली, मुंबई, गोवा, केरला. कोच फेरांदो गेले, आधीचे कोच हबास परत आले, आणि जानेवारीत बूमूसला लिस्टमधून काढून ती सीट काउकोला दिली. बूमूस म्हणजे एफसी गोवा आणि मुंबई सिटी दोघांकडून ट्रॉफ्या जिंकलेला, माझ्यापेक्षा गोव्याच्या लोकांना त्याचं कौतुक जास्त. त्याच्या जागी वर्षभराहून जास्त बाहेर बसलेला माणूस? ग्रुपवर पुन्हा तेच, संपलाय तो.

15 एप्रिल 2024, कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, लीगची शेवटची मॅच, मुंबई सिटीला ड्रॉ चालणार होता, मोहन बागानला जिंकणं भाग होतं. गोव्याच्या लिस्टनचा पहिला गोल, कमिंग्सचा दुसरा, मुंबईच्या छांगतेने 89 व्या मिनिटाला एक फेडला, 2-1. मोहन बागान 48 पॉइंट, मुंबई 47. लीगमध्ये पहिल्या येणाऱ्याला मिळणारी शील्ड यांची. महाराष्ट्रातली टीम एका पॉइंटने हरली आणि मी पेढे वाटले, आता काय बोलायचं ते बोला. (4 मेच्या प्लेऑफच्या फायनलला मुंबईने त्याच मैदानावर 3-1 ने उट्टं काढलं, तेही सांगतो, नाहीतर ठाण्याचा मेहुणा कमेंटमध्ये येईल.)

मग हबास आय-लीगमध्ये, म्हणजे आयएसएलच्या खालच्या लीगमध्ये, इंटर काशीकडे गेले आणि काउकोही तिकडे. इंटर तुर्कूपासून इंटर काशीपर्यंत! टीम वाराणसीची, होम ग्राउंड मात्र बंगालमध्ये कल्याणीला, म्हणजे काशीला जाऊनही कोलकात्याजवळच. 2024-25 च्या त्या सीझनला मैदानावर चॅम्पियन कोण ते ठरलंच नाही, पॉइंट्सचा वाद, आधी गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सना विजेते जाहीर केलं आणि शेवटी जुलै 2025 मध्ये स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाने इंटर काशीला ट्रॉफी दिली. मडगावच्या आतेभावाने त्यानंतर आठवडाभर माझा फोन उचलला नाही, जसं काय निकाल मीच दिला.

अजून एक. फिनिश भाषेत 'काउको' म्हणजे दूर, लांबचं. टीव्हीच्या रिमोटसाठीच्या त्यांच्या शब्दाची सुरुवातही 'काउको'नेच होते. हे मला कळल्यापासून घरात रिमोट सापडत नसला की बायको विचारते, "तुमचा जोनी कुठाय?" बहुतेक वेळा तो सोफ्याच्या फटीत असतो.