तुम्ही विचारलंत म्हणून : पाय आपोआप हलतो, मग ही सुधारणाच ना?

व्हीलचेअरच्या फूटरेस्टवर ठेवलेला माझा उजवा पाय बोलता बोलता एकाएकी थडथड उडू लागतो, आणि समोर बसलेल्या माणसाचा चेहरा उजळतो. "अहो, पाय हलतोय की! म्हणजे सुधारणा आहे ना?" गेली नऊ वर्षे मी हा प्रश्न ऐकतो आहे. विचारणाऱ्याच्या आवाजातली आशा मोडवत नाही, म्हणून पुष्कळदा मी नुसता हसून विषय बदलतो.

माझ्या मज्जारज्जूला छातीच्या 10 व्या मणक्यापाशी इजा झाली. मेंदूकडून पायांकडे येणारी वाट तिथे बरीचशी बंद झाली, परंतु इजेच्या खालचा मज्जारज्जू जिवंत आहे आणि आपल्यापुरते काम तो करतच असतो. स्नायू ताणला गेला की त्याची खबर मज्जारज्जूत पोहोचते आणि मेंदूला न विचारता तिथूनच आखडण्याचा हुकूम परत येतो. गुडघ्याखाली हातोडी मारून डॉक्टर हीच क्रिया तपासतात. एरवी मेंदू तिला सतत आवर घालत असतो. माझ्या बाबतीत तो आवर खालपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे अंगावरून सरकलेली चादर किंवा थंड फरशीचा स्पर्शही पाय ताठायला पुरतो. इजेनंतर पहिले काही आठवडे पाय अगदी लुळे होते आणि झटके त्यानंतर सुरू झाले. त्या दिवशी मीही आनंदाने घरभर ओरडून सांगितले होते, तेव्हा हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी हसत नाही.

त्रास खरा रात्रीचा. पहाटे कधीतरी पोटरीत गोळा येतो, स्नायू दगडासारखा घट्ट होतो, पावलाची बोटे तळव्याकडे वळतात. माझी संवेदना पूर्ण गेलेली नसल्यामुळे कळ जाणवते, पण ती नेमकी कुठून येते हे सांगता येत नाही. सुरुवातीला पत्नी घाबरून उठायची आणि पाऊल धरून जोराने ओढायची, आणि तेवढ्याच जोराने पाय उलट ओढ घ्यायचा. झटक्याने ताणले की स्नायू अधिकच आखडतो, हे फिजिओथेरपिस्टने समजावल्यावर आम्ही घाई सोडली. आता मी उशाशी एक लांब टॉवेल ठेवतो. उठून बसायचे, गुडघा सरळ करायचा, टॉवेल तळव्याच्या पुढच्या भागाला अडकवायचा आणि दोन्ही टोके इतक्या सावकाश आपल्याकडे घ्यायची की पायाला पत्ता लागू नये. हात धरून ठेवावे लागतात, कधी अर्धा मिनिट, कधी दोन मिनिटे. मग एका क्षणी पोटरी आतून सुटते. ते टॉवेलमधून हाताला कळते. खुर्चीत बसलेला असताना पाऊल थडथडू लागले, तर गुडघ्यावर तळहात ठेवून टाच खाली दाबून धरली की बहुतेक वेळा ते थांबते.

एकदा सलग आठवडाभर झटके दुपटीने वाढले. औषधाचा गुण संपला असे मी धरून चाललो होतो. डॉक्टरांनी गोळीला हातच लावला नाही. त्यांनी मोजे काढायला लावले. डाव्या अंगठ्याचे नख कडेच्या मांसात रुतून तिथे पू झाला होता, आणि मला त्याची दाद नव्हती. पण इजेखालच्या मज्जारज्जूला ती टोचणी कळत होती, आणि तो झटक्यांनी उत्तर देत होता. तेव्हापासून झटके वाढले की मी आधी कारण शोधतो: लघवीत जंतुसंसर्ग आहे का, मूत्राशय तुंबले आहे का, पोट साफ झाले आहे का, बसण्याच्या जागी कातडी लाल झाली आहे का, बूट कुठे दाबतो आहे का.

गोळी म्हणजे बॅक्लोफेन, आखडलेले स्नायू सैल करणारे औषध. 5 मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा अशी सुरुवात करून डॉक्टरांनी ती हळूहळू वाढवली. तिच्यामुळे झोप येते, डोके जड होते. त्याची सवय झाली. एकदा मात्र गोळ्या संपल्या आणि दोन दिवस चालेल म्हणून मी तसाच राहिलो. अंगाला खाज, डोळ्याला डोळा नाही, आणि पाय तर असे उसळले की मला पलंगावर धरून ठेवावे लागले. हे औषध एकाएकी तोडल्यास फिट येऊ शकते, भासही होऊ शकतात, हे मला ठाऊक असते तर ती चूक घडली नसती.

मग डोस वाढवून झटके पूर्णच का थांबवत नाही, असे पुढे कोणी विचारतो. करून पाहिले. पाय शांत झाले, पण इतके सैल पडले की पलंगावरून खुर्चीत जाताना गुडघे खाली वाकले आणि मी फरशीवर बसलो. हातांनी आधार घेऊन उठताना त्या पाच-सात सेकंदांपुरता हाच ताठरपणा मला उभा धरतो. म्हणून गोळी वाढवण्याची गोष्ट निघाली की डॉक्टर आधी एवढेच विचारतात: खुर्चीत अजून स्वतः जाता ना?