पॉवर स्टिअरिंगमधली एअर काढणे : तिसऱ्या प्रयत्नाची नोंद

पंप बदलल्यानंतर दोनदा एअर काढूनही स्टिअरिंग वळवताना घुरघुर येतच होती आणि टाकीतले लाल ऑइल फिकट गुलाबी, फेसाळ दिसत होते. दोन्ही वेळा मी ऑइल भरल्याबरोबर इंजिन सुरू केले होते, आणि तीच माझी चूक होती. आत हवा असताना पंप फिरला की ती घुसळली जाऊन तिचे इतके बारीक बुडबुडे होतात की ते वर यायला तासन्‌तास लागतात. म्हणून या खेपेस गाडी रात्रभर तशीच उभी ठेवली. सकाळी ऑइल पुन्हा नितळ झाले होते.

त्यानंतर पुढची चाके स्टँडवर उचलून, इंजिन बंद ठेवून आणि किल्लीने फक्त स्टिअरिंगचे लॉक सोडवून, मी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश पंचवीस वेळा फिरवले. पातळी खाली गेली तर पुन्हा हवा आत ओढली जाते, म्हणून एक मित्र टाकीजवळ थांबून ऑइल घालत होता. पहिल्या आठ-दहा फेऱ्यांत मोठे बुडबुडे आले, शेवटच्या पाच फेऱ्यांत एकही आला नाही. मग इंजिन आयडलवर चालवून तशाच फेऱ्या घेतल्या. टोकाला मात्र दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबलो नाही, कारण तिथे जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल झपाट्याने तापते.

आवाज बराच कमी झाला, तरी इंजिन बंद करताच टाकीतली पातळी जवळजवळ एक सेंटिमीटर वर चढली. मला ही सगळ्यांत भरवशाची खूण वाटते. ऑइल दाबाने जवळपास आकसत नाही, हवा आकसते. त्यामुळे दाब जाताच पातळी अशी वाढली, तर आत दबलेली हवा फुगली असे समजावे.

पण हवा येत कुठून होती? टाकीकडून पंपाकडे जाणारा पाइप बाहेरून कोरडा असल्यामुळे मी त्याच्यावर संशय घेतला नव्हता. मात्र पंप चालू असताना त्या बाजूचा दाब वातावरणापेक्षा कमी असतो, त्यामुळे फट असली तर ऑइल बाहेर गळण्याऐवजी हवाच आत ओढली जाते. पाहिले तर कडक झालेल्या जुन्या रबरावर क्लिप नीट आवळलीच जात नव्हती. पाइप आणि क्लिप दोन्ही नवीन बसवले.

शेवटी टाकीच्या तोंडावर रबरी बूच बसवून हातपंपाने 20 इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम पाच-पाच मिनिटे दोनदा दिला. वातावरणाचा दाब सुमारे 30 इंच धरला तर आत एक तृतीयांश दाब उरतो, म्हणजे बुडबुडा तिपटीने फुगतो आणि रॅकच्या, म्हणजे चाके वळवणाऱ्या यंत्रणेच्या, कोपऱ्यात अडकलेला असला तरी सुटून वर येतो. दुसऱ्या खेपेस चारच बुडबुडे आले.

आता इंजिन बंद केल्यावर पातळी जागची हलत नाही आणि घुरघुरही थांबली आहे. उद्या सकाळी इंजिन थंड असताना पातळी पुन्हा पाहून मगच चाके जमिनीवर उतरवणार आहे.