उद्यमबाग ते टिळकवाडी : आमची वाटचाल

१२ वर्षं मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला होतो. हातात व्हर्नियर, खिशात प्लग गेज, म्हणजे भोकाचं माप तपासायची दुतोंडी दांडी. 'गो' बाजू भोकात गेली पाहिजे, 'नो-गो' गेली की नग रिजेक्ट. २०११ साली टिळकवाडीत जुनं घर भाड्याने घेऊन वृद्धसेवा केंद्र काढलं, तेव्हा भावकीत हसले, "हा आता म्हाताऱ्यांना गेज लावणार!" लावलंच.

पण गेज दिलं आमच्या सिस्टरनी. गोकाककडच्या, घरी कन्नड, आमच्याशी मराठी, पहिल्या दिवसापासून भागीदार. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची टाच, माकडहाड, खुबा त्या रोज सकाळी बघतात. लाल डाग दिसला की बोटाने दाबायचा. बोट काढल्यावर क्षणभर पांढरा पडला तर ठीक. लालच राहिला तर बेडसोर, म्हणजे एकाच अंगावर पडून राहिल्याने होणारी जखम, सुरू झाली, कातडी शाबूत दिसली तरी. हेच आमचं 'नो-गो'. फाउंड्रीत १०० तले ५ नग तपासून लॉट सोडायचो, इथे ती सवलत नाही. दुसरं हत्यार थर्मामीटर. गीझरचं ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत भाजतं, आणि मधुमेहाने पाय बधिर झालेल्या आजोबांना ते कळतही नाही. म्हणून बादलीत आधी थर्मामीटर, मग माणूस.

पहिली सात-आठ वर्षं बरी गेली. २०१९ ला तपासणी आली.

साहेबांनी रजिस्टरं चाळली, स्वयंपाकघरात डोकावले आणि जिन्याजवळच्या आग विझवायच्या सिलिंडरपाशी थांबले. एबीसी पावडरचा, दाबाचा काटा हिरव्यात. पण सर्व्हिसच्या टॅगवरची तारीख दोन महिन्यांपूर्वीच उलटलेली. चूक आमचीच. काटा हिरव्यात असला तरी आत पावडरचे गठ्ठे झालेले असू शकतात, हे क्वालिटीच्या माणसाला सांगावं लागू नये. आठवड्याने नोटीस आली, कन्नडमध्ये. बाजारापुरतं कन्नड मला येतं, सरकारी कन्नडापुढे मी अंगठाबहाद्दर. वाटलं, केंद्र बंद! सिस्टर नेमक्या गावी. घाबरून रात्रीच दोघा नातेवाइकांना फोन केले. सकाळी सिस्टरनी वाचून सांगितलं, "१५ दिवसांत खुलासा द्या म्हणतात, एवढंच."

तोवर व्हायचं ते झालं होतं. आमच्याच धंद्यातल्या एका शेजाऱ्याने "त्यांना टाळं लागलंय" म्हणून गावभर केलं. १९ पैकी ११ खाटा महिन्यात रिकाम्या. त्याच्या तपासणीत म्हणे एकही शेरा नाही. त्याचे सिलिंडर आदल्या रात्री मंगल कार्यालयातून आले आणि दुसऱ्या दिवशी परत गेले, हे टेम्पोवाल्यानेच मला चहा पिताना सांगितलं. त्याच्या केंद्रातून आमच्याकडे परत आलेल्या एका आजोबांच्या फाइलीत कूस बदलल्याचा तक्ता होता, दर २ तासांचा, चोख. आठवडाभराचा एकाच पेनाने, एका बैठकीत भरलेला. आजोबांच्या माकडहाडावर रुपयाएवढी जखम.

आमच्या एका आजींचा मुलगा इंग्लंडात लेस्टरला असतो. तो सांगतो, तिकडे केअर क्वालिटी कमिशनचे, म्हणजे अशी केंद्रं तपासणाऱ्या संस्थेचे, लोक बहुतेकदा न कळवता येतात, राहणाऱ्यांशी बोलतात, आणि मिळालेली श्रेणी केंद्रात दर्शनी लावावी लागते, वाईट असली तरी. माझ्याकडे तपासणीच्या आदल्या दिवशी फोन आला होता. तरी मला टॅग दिसला नाही, ते सोडा.

आईवडिलांसाठी केंद्र बघायला जाल तर चहाच्या वेळी जाऊ नका, रात्री ९ नंतर जा. संडासात दिवा आहे का? दार बाहेर उघडतं का? आत पडलेला माणूस दाराला अडला तर काय करणार? बेल दाबून घड्याळ लावा. आणि तक्त्यावरची शाई बघा.

उरलेल्या आठांत खानापूरच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. मुलगी पुण्याहून न्यायला आली, तर आजींनी पिशवी उचलूच दिली नाही. "माझी टाच रोज कोण बघणार, तू?"

आता ९२ च्या आहेत. सकाळी जिन्याशी खुर्ची टाकून पेपर वाचतात. परवा हाक मारली, "अरे, तुझ्या तांबड्या नळकांड्याची तारीख भरत आली की! परत रात्री फोन करत बसशील."