माउंटखाली दबलेलं काम

गिरगावातल्या एका छपाईवाल्या काकांचा लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. गणपतीच्या तोंडावर जागा संपली, म्हणून ४ टीबीची डिस्क बसवली. डिस्कच्या विभागांची नोंद ठेवणाऱ्या जुन्या एमबीआर पद्धतीची मजल २ टीबीपर्यंतच, म्हणून नवी जीपीटी पद्धत वापरली, त्यावर ईएक्सटी४ फाइल सिस्टिम (फाइली साठवायची रचना) बनवली, 'काम' फोल्डरवर माउंट केली, म्हणजे त्या फोल्डरला जोडली, आणि जुना डेटा तिथे हलवला. सर्व्हर सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादी असलेल्या एफएसटॅब फाइलमध्ये ओळ घालायची मात्र राहिली. ती चूक माझीच.

आठवड्याने पावसात वीज गेली. सर्व्हर पुन्हा सुरू झाला, डिस्क जोडली गेलीच नाही. सकाळी डिझाइनवाल्या ताईंना 'काम' रिकामं दिसलं. जुनं कुठेतरी हलवलं असेल असं समजून त्यांनी दिवसभर मंडळांची पावतीपुस्तकं तिथेच सेव्ह केली. संध्याकाळी काकांनी कळवलं, तसं मी घरूनच डिस्क माउंट केली. दहा मिनिटांत ताईंचा फोन. "दादा, जुनं आलं, पण आजचं सगळं गेलं हो!" आवाज रडवेला होता.

चर्नी रोडला उतरलो आणि जवळजवळ पळतच गेलो. सर्व्हरच्या मूळ डिस्कवर डीएफ (भरलेली जागा सांगणारी कमांड) ५८ जीबी भरल्याचं दाखवत होतं. डीयू या कमांडने तिथल्या दिसणाऱ्या फाइली मोजल्या तर जेमतेम ३१. मधले २७ जीबी गेले कुठे? तिथेच जिवात जीव आला. फोल्डरवर फाइल सिस्टिम माउंट केली की आतलं आधीचं पुसलं जात नाही, नुसतं झाकलं जातं. गादीखाली ठेवलेल्या कागदांसारखं.

नवी डिस्क न काढता मूळ फाइल सिस्टिम दुसऱ्या जागी बाइंड माउंट केली, म्हणजे तीच आणखी एका फोल्डरमधून उघडी केली. तिथल्या 'काम'मध्ये ताईंचा अख्खा दिवस जसाच्या तसा! त्यांनी एक पावती उघडली, मंडळाचं नाव वाचलं आणि खुर्चीत मागे टेकल्या. काही बोलल्या नाहीत.

फाइली नव्या डिस्कवर उतरवल्या, चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) जुळवले, मगच झाकलेल्या फोल्डरमधल्या काढल्या. एफएसटॅबमध्ये एसडीबी हे डिस्कचं नाव न लिहिता यूयूआयडी, म्हणजे तिच्या फाइल सिस्टिमचा कायमचा ओळख क्रमांक लिहिला, कारण एसडीबी हे नाव रीबूटनंतर दुसऱ्याच डिस्कला मिळू शकतं. शेवटी डिस्क अनमाउंट करून रिकाम्या फोल्डरला चॅटर या कमांडने 'आय' खूण लावली, म्हणजे त्यात कुणालाच बदल करता येऊ नये असं केलं, आणि ताईंना म्हटलं, "आता इथे काहीतरी सेव्ह करून बघा." सेव्ह होईना. मग डिस्क जोडली, सर्व्हर रीबूट केला आणि आम्ही तिघं स्क्रीनसमोर उभे राहिलो. 'काम' उघडलं, भरलेलं होतं.