मोटर सुटली, पंप अडला

होळी जवळ आली की नागपुरात गच्चीवरचे, माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. कूलर ही चैन नाही. म्हणून आयटीआयच्या आमच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडमध्ये त्या सुमारास मी पोरांना सांगतो, मोहल्ल्यातलं बंद सामान घेऊन या. बोर्डावरची वायरिंग बरोबर जमते, पण बिघाड शोधायचा म्हटलं की भलेभले चाचपडतात.

यंदा एक पोरगी शेजारच्या मावशींचा कूलर घेऊन आली. मावशीही सोबत. ‘मोटर जळली, नवीन टाका’ असं त्यांना दुकानातून ऐकवलं होतं. पोरीने आधी मोटरीला नाक लावलं. “सर, जळल्याचा वास तं नाही येऊन राह्यला.”

मीटरवर रनिंग-स्टार्टिंग दोन्ही वाइंडिंग, म्हणजे मोटरीतली तारेची वेटोळी, शाबूत. इन्सुलेशन तपासणारा मेगर लावला, बॉडीत करंट उतरत नव्हता. सप्लाय दिल्यावर मोटर नुसती गुणगुणली. पातं लाकडी काडीने ढकललं तशी फिरायला लागली. कंडेन्सर! मोटरीला सुरू व्हायचा रेटा देणारा तोच. वर ४ मायक्रोफॅरॅड छापलेलं, मीटर एकही दाखवेना. नवा बसवला, बुशला तेल दिलं. “एवढंच होतं का बाप्पा?” मावशी म्हणाल्या. वाइंडिंग भरायला सगळेच शिकवतात. ती भरायची गरज नाही हे ओळखणं मला त्याहून मोठं कसब वाटतं.

कूलरच्या पंपाने मात्र अडवलं. आधी वाटलं, बोअरच्या पाण्याचा क्षार धरला असेल. पाणी ढकलणारं चाक, म्हणजे इम्पेलर, काढून लिंबाच्या पाण्यात घासला, तरी ढिम्म. कॉइलच ओपन होती, म्हणजे आतली तार तुटलेली, आणि ती रेझिनमध्ये गाडलेली. पाणी आत जाऊ नये म्हणून ओततात, हे खरं. पण मग दुरुस्तीचा हातही आत जात नाही. पोरगी ऐकेना. छिन्नीने टवके काढत बसली, रेझिनसोबत केसासारखी तारही तुटून आली.

मावशींना नवा पंप घ्यावा लागला. जुन्याचं तांबं आम्ही भंगारासाठी वेगळं काढलं. पण कवच, रेझिन, चुंबक, चांगला इम्पेलर यांचं काय करायचं, यावर वर्गात पार सुट्टी होईपर्यंत वाद चालला. सर्क्युलर इकॉनॉमीचा, म्हणजे वस्तू फेकण्याऐवजी पुन्हा वापरात आणण्याचा, धडा मी फळ्यावर लिहून इतका कधीच रंगला नव्हता.

जॉब शीटवर पंपासमोर ‘निकामी’ लिही म्हटलं, तर तिने लिहिलं: ‘बिघाड सापडला. उघडायची सोय नाही.’ मी तसंच ठेवून सही केली.